बबऱ्याचा पाचवा कडा

काळदऱ्यात कुणी थाप मारली की ऐकणारा मान डोलावतो आणि शांतपणे विचारतो, "व्हय का? आन् पाचवा कडा?" मग सगळा पार खदाखदा हसतो. बाहेरगावच्या पाव्हण्याला काही कळत नाही. तो आपला उगाच सगळ्यांबरोबर दात काढतो.

कळायला बब्रुवान माहीत पाहिजे. बब्रुवान म्हणजे धनगर आळीतला शेळ्या राखणारा. चाळीस वर्षांपूर्वी, ऐन विशीत, त्याचा कळप लांडग्यानं उधळला. गावामागं बालाघाटाचे पाच कडे ओळीनं उभे आहेत. बिथरलेल्या शेळ्या त्यांच्या खाचाखोचांत जाऊन अडकल्या. बब्रुवान दिवस उगवायला निघाला आणि दिवेलागणीला सगळ्या शेळ्या घेऊन परत आला. गुडघे फुटलेले, धोतराच्या चिंध्या झालेल्या. पारावर टेकला आणि म्हणाला, "पाची कडे चढलो आज."

झालं! त्याचा लंगोटीयार गुंडप्पा, ज्याचं आज गावात किराणा दुकान आहे, तो तिथंच बसलेला. म्हणाला, "आरं बबऱ्या, एक कडा चढताना माणसाच्या तोंडचं पाणी पळतंय, आन् तू पाच? ते बी एका दिसात? शेळीचं दूध पिऊन शेळीच झालास का काय?" त्या दिवसापासून बब्रुवानाचा 'पाचकड्या' झाला तो झालाच. गावाचं असंच असतं. माणसाचं खरं नाव विसरतील, रेशनकार्डावर काय आहे ते विसरतील, पण चिकटवलेलं नाव म्हणजे दगडावरची रेघ.

बब्रुवान कधी चिडला नाही. कुणी पाचकड्या म्हटलं की मान खाली घालायचा आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसायचा. चिडायची ती त्याची पोरगी, अयोध्या. शाळेत पोरं तिला 'पाचकडी' म्हणायची. चौथीत असताना तिनं एका पोराच्या कानाला असा चावा घेतला होता की मास्तरांना टिंक्चर आणायला पळावं लागलं. "माझा आबा चढलाय! पाची चढलाय!" एवढं एकच वाक्य तिनं लहानपणी हजारदा तरी म्हटलं असेल.

ही अयोध्या पुण्याला शेतकी कॉलेजात शिकायला गेली आणि तिथं सुट्टीच्या दिवशी कडे चढणाऱ्यांच्या टोळीत घुसली. दोर कसा बांधायचा, खडकाच्या भेगेत धातूची पाचर अडकवून तिच्यातून दोर कसा ओवायचा, म्हणजे पडलं तरी त्या पाचरीवर लटकायचं, सगळं शिकली. आता ती अठ्ठावीस वर्षांची होती, कृषी सहायक म्हणून तेर भागातल्या सात गावांत स्कूटीवरून फिरायची, आणि गावातले बाप्ये तिला 'मॅडम' म्हणायचे. समोर.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती गुंडप्पाच्या दुकानात गूळ घ्यायला गेली. दुकानात ही गर्दी. गुंडप्पानं तराजूत गूळ टाकता टाकता विचारलं, "काय मॅडम, ठिबकचं अनुदान येणार म्हणता. खरंच येणार, का पाचवा कडा?"

दुकान हसलं. अयोध्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"काका, म्या एका दिसात पाची कडे चढून दावते. दिवस उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत. मग काय कराल?"

गुंडप्पाचा हात तराजूवरच थांबला. पण माणूस बोलण्यात मागं सरणारा नव्हे. "मग म्या साऱ्या गावासमोर तुझ्या बापाला हात जोडीन. आन् ह्यो शबुद पुन्हा गावात निघणार न्हाय. कुणी काढला तर माझ्या दुकानात त्याला काडीपेटी बी मिळायची न्हाय. पर न्हाय जमलं तर? तर मग तू बी भांडायचं न्हाय. पाचकडी म्हणलं की गुमान ओ म्हणायचं. हाय कबूल?"

"कबूल."

घरी सांगितलं तेव्हा बब्रुवान खूश होईल असं तिला वाटलं होतं. त्याचं तर तोंडच उतरलं. "कशाला गं बाई? मला काय तरास न्हाय त्या नावाचा. असू दे की."

"मला हाय तरास," अयोध्या म्हणाली. "तुमाला हसतात ते मला बघवत न्हाय. एवढं एक धुऊन काढते, आबा. मग म्या काय मागणार न्हाय."

पोरगी पडंल-झडंल म्हणून म्हातारा भितोय, असं तिनं धरलं. तिनं हट्ट धरला की काय होतं ते त्याला माहीत होतं. मग त्यानं एके संध्याकाळी अंगणात बसून एकेक कडा सांगितला. पहिल्याला उजव्या अंगाला भेग आहे, माणूस आत मावतो. दुसऱ्यावर खडकातून उंबर फुटलाय, त्याची मुळी धरायची नाही, फांदीही नाही, मागचा खडक धरायचा. तिसऱ्यावर आग्या मोहोळ, तेव्हा अत्तर-बित्तर लावायचं नाही आणि आवाज करायचा नाही. चौथा सोपा, पण वरच्या टोकाला दगड सुटे. सगळं असं सांगितलं की जणू काल उतरून आलाय.

"आन् पाचवा?"

"पाचवा..." बब्रुवान उठला. "पाचवा काय. चढायचं." आणि शेळ्यांना पाला टाकायला गेला.

जानेवारीतला शेवटचा रविवार ठरला. दोराच्या दुसऱ्या टोकाला अयोध्याची हॉस्टेलातली मैत्रीण शिवांजली. उमरग्याकडची, घरात कानडी बोलणारी, मुरूमच्या कॉलेजात शिकवणारी. दोर धरण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. पण पुढं चढायचं म्हटलं की नको म्हणायची. "मी मागून येते गं. पुढं जाणाऱ्याचं वेगळं काळीज असतं, ते मला दिलं नाही देवानं."

पाचातला एकही कडा फार मोठा नव्हता. शंभर-सव्वाशे फूट, आणि धरायला जागा पुष्कळ. पुण्याच्या टोळीनं असला कडा नाश्त्याआधी केला असता. पण एक. पाच म्हणजे पाचदा चढायचं, पाचदा मागच्या घळीनं उतरायचं, आणि मधली सीताफळीची काटेरी रानं तुडवत पुढच्या कड्याखाली जायचं. पायांचे तुकडे पाडणारं काम ते.

सूर्याची कोर दिसली आणि अयोध्यानं पहिल्या कड्याला हात लावला. खडक रात्रीचा गार होता, बोटं बधिर झाली. पण भेग आबांनी सांगितली तिथंच होती. ती आत शिरली, पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला, आणि सरकत सरकत वर. आठच्या सुमाराला दोघी माथ्यावर होत्या.

प्रत्येक कड्याच्या माथ्यावर बिरोबाचा शेंदरी दगड आहे. अयोध्यानं चढायचे रबरी बूट काढले, दहा पावलं लांब ठेवले, अनवाणी जाऊन दगडावर भंडारा उधळला आणि फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. मिनिटभरानं खालून धडाम असा आवाज आला. फटाक्यांच्या तेरखेड्याचा सुतळी बॉम्ब. कुणीतरी पारावर अख्खं खोकं घेऊन बसलं होतं.

"अय्यो," शिवांजली म्हणाली, "तुझ्या गावाला काम नाही का रविवारी?"

दुसरा कडा दहाच्या आत झाला. उंबराची मुळी हाताशी आली होती, अगदी 'धर मला' म्हणत होती. अयोध्यानं मागचा खडक धरला. शिवांजली मागून आली तेव्हा तिचं कोपर नुसतं लागलं आणि ती मुळी कडकन मोडून खाली गेली. वर गेल्यावर अयोध्यानं छाती भरून श्वास घेतला. आबा इथं आले होते. ह्याच खडकाला त्यांनी हात घातला होता. ज्यांनी ज्यांनी दात काढले त्यांना एकेकाला आणून हा खडक दाखवावा, असं तिला वाटलं.

तिसऱ्याला त्यांनी ग्रुपवर आधीच सांगितलं, बॉम्ब वाजवू नका, माश्या उठतील. चढताना दोघी चिडीचूप. डाव्या हाताला सुपाएवढं काळं पोळं लटकलेलं, आणि त्यावर माश्यांची लाट फिरत होती. एक माशी अयोध्याच्या कपाळावर बसली, चालली, नाकापर्यंत आली. अयोध्यानं डोळे मिटले आणि बिरोबाला काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच ठाऊक. माशी उडून गेली. बारा वाजता फोटो गेला, आणि आज पहिल्यांदा गाव गप्प राहिलं.

खाली उतरून त्यांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पोटऱ्यांत गोळे येत होते. अयोध्याची बोटं सोललेली, तिखट झोंबत होतं. तरी तिनं चाटून खाल्लं.

चौथा कडा खरंच सोपा निघाला. अडीच वाजता त्या माथ्यावर होत्या, आणि तिथं आनंदानं घात केला. बूट काढले, देवाला शिवू नयेत म्हणून लांब एका बोरीखाली ठेवले, भंडारा उधळला, फोटो टाकला. खालून एक नाही, चार बॉम्ब फुटले. तेवढ्यात आईचा फोन आला, तो संपेपर्यंत मावशीचा, मग सरपंचाचा. अयोध्या बोलत बोलतच पिशवीतल्या चपला पायात सरकवून घळीनं उतरायला लागली. मागं शिवांजली दोर गुंडाळत, गाणं म्हणत.

चारच्या सुमाराला पाचव्या कड्याखाली पोचल्या. बघतात तर निम्मं गाव तिथं आलेलं. गुंडप्पा डोक्याला पटका बांधून एका दगडावर बसलेला. बब्रुवान लांब, बाभळीखाली, एकटा. अयोध्यानं पिशवी उघडली. हात घातला. मग पिशवी उलटी केली.

"शिवांजली, माझे बूट?"

"तुझ्याकडंच ना?"

"बोरीखाली राहिले." अयोध्या मटकन खाली बसली. पुण्याच्या टोळीतल्या कुणीही ही चूक केली नसती, कारण त्यांनी डोंगरमाथ्यावर बूट काढलेच नसते. "देवापुढं काढले आणि तशीच चपला घालून आले गं!"

परत जाऊन आणायचे म्हणजे जाऊन-येऊन दीड तास, आणि दिवस काही कुणासाठी थांबत नाही. शिवांजलीचे बूट दोन नंबरांनी लहान, त्यात टाच जाईना. शिवांजली म्हणाली, "बरं झालं. देवळापुढून चपला गेल्या की माणसाची पनवती जाते म्हणतात. तुझी आज गेली. नडी आता!" घाईत तिचं कानडी बाहेर आलं. "चल, चल!"

अयोध्याला रडू येत होतं, तिला हसू आलं. तिनं चपला काढून फेकल्या. लहानपणी शेळ्यांमागं ह्याच रानात ती अनवाणीच तर फिरली होती. आबांनी बूट कुठले घातले होते?

ती चढायला लागली. निम्म्यापर्यंत काही वाटलं नाही. दुपारभर तापलेला खडक तळव्यांना चटके देत होता एवढंच. आणि मग निम्म्यावर कड्याचं पोट सुटलेलं लागलं. डोक्यावर खडक बाहेर आलेला, वर काय आहे ते दिसत नाही, हाताला सापडेल असं काही नाही. उजवीकडं गुळगुळीत. डावीकडं गुळगुळीत. शेवटची पाचर तिच्या पायांखाली दहा फुटांवर राहिली होती. इथून सुटलं तर वीस फूट जायचं आणि खडकावर आपटायचं. तिचा डावा पाय शिवणयंत्रासारखा थरथरायला लागला.

तिनं खाली ओरडून विचारलं, "आबा! तुमी हितनं कुठनं गेलता?"

उत्तर आलं नाही.

"आबा! डावीकडनं का उजवीकडनं?"

सगळं गाव बब्रुवानाकडं बघायला लागलं. गुंडप्पा म्हणाला, "सांग की रं! पोरगी लटकलीय तिकडं!" बब्रुवान बाभळीला धरून उभा होता. मग तो कसाबसा म्हणाला, "तू बघ बाई. तुला दिसंल ते."

अयोध्याच्या मनात पाल चुकचुकली. उंबराची मुळी ज्याला चाळीस वर्षं आठवते, त्याला हे आठवू नये? पण असल्या जागी असला विचार करून चालत नाही. तिनं तो तिथंच सोडला. कपाळ खडकाला टेकवलं, दहापर्यंत आकडे मोजले, आणि तुला दिसंल ते म्हणाले ना, मग बघू या म्हणून खरोखरच बघायला लागली.

डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, एक उभी चीर होती. बोटभर रुंद. बूट असते तर तिनं तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नसतं, बुटाचं टोक तिच्यात गेलंच नसतं. तिनं पायाचा अंगठा आडवा करून चिरेत घातला आणि पाय पिळला. कळ मस्तकात गेली. पण अंगठा बसला. पक्का बसला.

"धर गं!" ती ओरडली.

"धरलंय! नडी, नडी!" खालून शिवांजली.

अयोध्या त्या एका अंगठ्यावर उभी राहिली. उजवा हात पोटावरून वर नेला, चाचपडला, अजून वर, आणि बोटांना एक कंगोरा लागला, ताटाच्या काठासारखा. तिनं दुसरा हात नेला. पाय सुटले. खाली बायका किंचाळल्या. ती दोन हातांवर लोंबकळली, मग गुडघा वर आला, मग पोट, आणि ती कड्याच्या पोटावर चढून बसली होती. वर आता नुसती पायऱ्यांसारखी वाट. तिनं एक पाचर भेगेत ठोकून बसवली, दोर ओवला, आणि अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या घळीतली वानरं खी-खी करत पळाली.

सूर्य डोंगराला टेकायला दोन बोटं होती तेव्हा ती माथ्यावर पोचली. शिवांजली मागून धापा टाकत आली आणि तिच्या गळ्यात पडली. ह्या वेळी काढायला बूट नव्हते. रक्ताळलेल्या पायांनी ती बिरोबापुढं गेली आणि उरलेला सगळा भंडारा दगडावर आणि शिवांजलीच्या डोक्यावर उधळला. खाली जे काही खोक्यात शिल्लक होतं ते एकदम पेटलं. धुरानं गाव दिसेनासं झालं. पाची कडे, एका दिवसात, दिवेलागणीच्या आत! अयोध्या हातवारे करून नाचत होती आणि तिला कुणाची लाज वाटत नव्हती.

घळीनं त्या उतरल्या तेव्हा संधिप्रकाश होता. सगळे तोंडाशीच उभे. हलगी कुठून आली कुणास ठाऊक. गुंडप्पानं हात वर करून हलगी थांबवली. तो सरळ बब्रुवानापुढं गेला, आपल्या डोक्याचा पटका काढला, बब्रुवानाच्या डोक्यावर ठेवला आणि हात जोडले.

"बबऱ्या, चाळीस वर्षं म्या तुझी टर उडवली. तुझी पोरगी चढली, म्हंजी तू बी चढला असशील. माझं चुकलं. साऱ्या गावासमोर म्हणतो, चुकलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेच तर पाहिजे होतं तिला, ह्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप. बब्रुवानानं आता नुसतं गप्प राहायचं होतं. हसायचं, गुंडप्पाला मिठी मारायची आणि घरी जायचं. कुणाला कधी काही कळलं नसतं.

बब्रुवानानं पटका डोक्यावरून काढला. दोन्ही हातांत धरला.

"म्या चारच चढलो व्हतो," तो म्हणाला.

हलगीवाल्याचा हात टिपरूसकट तसाच राहिला.

"पाचव्याच्या निम्म्यात गेलो. जिथं ही अडकली, तिथंच अडकलो. तासभर लटकलो. रडलो बी. खाली बघतो तर जिच्यापायी चढलो ती शेळी मागनं उतरून खाली हुबी, माझ्याकडं बघत रवंथ करतीया. मग आलो उतरून. आन् पारावर येऊन म्हणलो पाच. का म्हणलो, माझं मलाच ठावं न्हाय. चार म्हणलो असतो तरी लई झालं असतं."

गुंडप्पा आ वासून बघत होता. "म्हंजी... म्या खरा व्हतो?"

"तू खरा व्हतास."

"चाळीस वर्षं?"

"चाळीस वर्षं."

अयोध्याला वाटलं आपल्या पायांखालची जमीन सरकली. चौथीतला तो कान, ती भांडणं, पुणं, दोर, सोललेली बोटं. सगळं एका न झालेल्या गोष्टीवर! तिचा आवाज चिरकला. "मग सांगितलं का न्हाय, आबा? इतक्या वर्षांत एकदा बी?"

"सांगणार व्हतो की. हसून हसून दमतील, मग सांगीन म्हणलं. तवर तू जल्मलीस. तीन वर्षाची व्हतीस तवापासनं माझ्यासाठी लोकांच्या अंगावर जायचीस. माझा आबा चढलाय म्हणून. मग म्या कुठल्या तोंडानं सांगावं, न्हाय चढला तुझा आबा?" बब्रुवानाचे डोळे वाहत होते, ते त्यानं पुसले नाहीत. "आज सांगितलं. आज गप बसलो असतो तर तुझा पाचवा कडा म्या खाल्ला असता. ह्या गावात पाची चढलेलं माणूस एकच हाय, आन् ती तू हाईस."

त्यानं पुढं होऊन गुंडप्पाचा पटका अयोध्याच्या डोक्यावर ठेवला. पटका तिच्या डोळ्यांवर आला.

अयोध्या पटक्याखाली उभी होती. राग तिच्या घशापर्यंत आला होता, खरा राग, आणि बापाच्या त्या म्हाताऱ्या, उघड्या, साऱ्या गावासमोर उभ्या असलेल्या तोंडाकडं बघता बघता तो कुठं गेला तिला कळलं नाही. ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि तिनं बापाला दोन्ही हातांनी असं आवळलं की तो कळवळला.

"आरं, वाजीव की!" गुंडप्पा हलगीवाल्यावर खेकसला. "बघतोस काय? पोरीनं पाची मारले, आन् म्या चाळीस वर्षांनी खरा ठरलो! वाजीव!"

हलगी कडाडली. गुंडप्पा साठीच्या गुडघ्यांवर नाचायला लागला, शिवांजलीला कुणीतरी खांद्यावर घेतलं आणि ती कानडीत ओरडायला लागली. अयोध्यानं पटका मागं सारला आणि बापाच्या कानाशी तोंड नेलं.

"चार तर चार, आबा. पर ते चार बिनदोराचे. चला, घरी जाऊन आईला सांगू."

"तिला ठावं हाय," बब्रुवान म्हणाला. "तिनंच तवा माझे गुडघे बांधले."